शेवटची सात मिनिटं

गुरुवारी सकाळी दुकान उघडायला निघालेले घड्याळजी थिएटरसमोर थांबले, आणि घरून चेहऱ्यावर घेऊन आलेलं हसू त्यांना तिथल्या तिथे आवरतं घ्यावं लागलं.

हे हसू अकरा वर्षांच्या सरावाचं होतं. तिकीटखिडकीशेजारच्या काचेच्या चौकटीत आपलं मत लागलेलं पाहताना माणसाने कसं दिसावं, याचा त्यांनी अभ्यासच केला होता. थोडं आश्चर्य, थोडा संकोच, आणि ओठाच्या एका कोपऱ्यात 'अरे, पुन्हा मीच?' असा भाव. आज तो भाव कोपऱ्यातच अडकून बसला, कारण चौकटीत साडूचं मत होतं.

सख्ख्या साडूचं. बायकोच्या धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं. गाद्यांचा दुकानदार. ज्याने उभ्या आयुष्यात पावतीवर 'गादी नग दोन' यापलीकडे काही लिहिलेलं नव्हतं, तो माणूस काचेमागून आठवडाभर सगळ्या गावाशी बोलणार होता.

त्या थिएटरात एक पद्धत होती. खेळ सुटला की बाहेरच्या दालनात एक उंच टेबल, त्यावर कोऱ्या कार्डांचा गठ्ठा आणि दोरीने बांधलेलं एक पेन. एकच. ज्याला सिनेमाबद्दल काही म्हणायचं असेल त्याने ते कार्डावर म्हणावं आणि भिंतीवरच्या हिरव्या फलकाला टाचणीने लावावं. बुधवारी तिकीटवाल्या बाई फलकावरची सगळी कार्डं वाचत, त्यातलं एक काढत आणि गुरुवारी सकाळी चौकटीत लावत. बक्षीस काही नाही. बाईंनी एखादं मत का निवडलं हे त्यांना कुणी विचारत नसे, आणि विचारलं तरी त्या "तिकीट किती?" एवढंच म्हणत. त्यामुळे त्यांच्या निवडीला न्यायालयाच्या निकालासारखं वजन आलं होतं.

घड्याळजी चौकटीत एक्केचाळीस वेळा आले होते. दुसऱ्या क्रमांकावर नऊ वेळा आलेले गणिताचे एक निवृत्त मास्तर होते, आणि ते वारले होते. म्हणजे तशी काळजी नव्हती.

सध्याचा सिनेमा कोरियन होता. नाव 'तीन काडतुसं आणि एक खेचर'. घोडे, रुंद कडांच्या टोप्या, वाळवंट, पिस्तुलं, असा सगळा थाट पाश्चिमात्य. फक्त माणसं कोरियन आणि त्यांच्या शिव्या कोरियन. खाली अक्षरं येत होती, पण शिव्यांच्या वेळी ती फार सभ्य व्हायची, त्यामुळे लोक आणखी हसायचे. गोष्ट अशी की एक उंच डाकू आणि एक बुटका डाकू, दोघेही स्वतःला वाळवंटातला पहिल्या नंबरचा नेमबाज समजणारे, एक झाकण ठोकून बंद केलेला पितळी टब पळवतात. आत खजिना आहे अशी वदंता. टब ओढायला एक म्हातारं खेचर, आणि मागावर एक बाई. ती पूर्वी दातांची डॉक्टर असते आणि आता डाकू पकडते.

गावाला सिनेमा फार आवडला होता. हिरव्या फलकावर जागा उरली नव्हती. दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं होतं, 'इतकी वर्षं वाळवंटात राहून डाकूंचे दात असे पांढरे राहणे शक्य नाही. बाकी चांगला.' शिंप्याने लिहिलं होतं, 'उंच डाकूचा कोट खांद्यात सैल आहे म्हणून त्याला पिस्तूल काढायला उशीर होतो. हे कुणाच्या लक्षात आले नाही का?' त्याच दोघांच्या मध्ये घड्याळजींचं कार्ड होतं, सुवाच्य अक्षरातलं: 'या चित्रपटातली पिस्तुलं गोळ्या झाडत नाहीत, प्रश्न झाडतात. दिग्दर्शकाने धुळीला वाचा दिली आहे. वेगाला विनोदाचा लगाम आणि विनोदाला वेगाची टाच, असा दुर्मीळ योग.'

आणि काचेमागे, एक ओळ वर आणि एक खाली जाणाऱ्या अक्षरात, साडू म्हणत होता:

'सिनेमा आवडला. बंदुका खूप उडतात पण कुणाला फारसं लागत नाही. हसून हसून माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं. ते सहाव्या रांगेत बारा नंबरच्या खुर्चीखाली असेल, कुणाला मिळाल्यास द्यावे. शेवटी खेचर जे करतं ते बघून मला माझे वडील आठवले. परत जाणार आहे. गादीवाले.'

घड्याळजींनी ते तीनदा वाचलं. पहिल्यांदा शुद्धलेखनासाठी, दुसऱ्यांदा रागाने. तिसऱ्यांदा मात्र ते खेचराच्या ओळीवर अडकले.

शेवटी खेचर काय करतं?

त्यांना माहीत नव्हतं. या सिनेमाचाच काय, गेल्या अकरा वर्षांत त्या थिएटरात लागलेल्या एकाही सिनेमाचा शेवट त्यांनी पाहिलेला नव्हता.

यात कपट काही नव्हतं. पेन एकच होतं. खेळ सुटला की टेबलाभोवती झुंबड उडायची, मागचा माणूस मानेवर श्वास सोडायचा आणि "झालं का हो?" म्हणायचा. अशात धुळीला वाचा कशी देणार? म्हणून पहिल्याच वर्षी घड्याळजींनी हिशोब बसवला. खेळाची लांबी डोअरकीपरला विचारून ठेवायची आणि संपायला सात मिनिटं उरली की उठायचं. तीन मिनिटं मजकुराला. दोन मिनिटं चांगल्या अक्षरात उतरवायला. एक मिनिट फलकावर डोळ्यांच्या उंचीची जागा निवडायला. आणि एक मिनिट, आपण आत्ताच सगळ्यांबरोबर बाहेर आलो असं दिसायला.

सुरुवातीला चुटपुट लागायची. पुढे तीही गेली, कारण लोकांनी त्यांच्या मतांत एक गुण शोधून काढला. "घड्याळजींचं हेच आवडतं बघा," लोक म्हणायचे, "कधी शेवट फोडत नाहीत. केवढा संयम!" संयमाची ही कीर्ती त्यांनी नाकारली नाही. कीर्ती नाकारणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं.

दुकान उघडून, डोळ्याला भिंग लावून ते बसतात न बसतात तोच शेजारचा सलूनवाला हातात कात्री घेऊन दारात आला.

"वाचलंत का? तुमच्या साडूंनी काय लिहिलंय! बटण काय, खेचर काय! मी दोन गिऱ्हाइकांना वाचून दाखवलं, एकाचा कान कापता कापता वाचला."

"कान महत्त्वाचा," घड्याळजी भिंगातून वर न बघता म्हणाले.

"नाही, तुमचंही छानच असतं हो. पण तुमचं वाचलं की असं वाटतं, आपण सिनेमा नीट बघितला नाही. यांचं वाचलं की वाटतं, चला, परत बघू."

त्या दिवशी एका मनगटी घड्याळाचा स्क्रू घड्याळजींच्या चिमट्यातून तीनदा पडला. दुपारपर्यंत आणखी चौघांनी चौकटीचा विषय काढला. संध्याकाळी कळलं की बटण शोधायला म्हणून लोक तिकिटं काढताहेत आणि सहाव्या रांगेतल्या बारा नंबरच्या खुर्चीला मागणी आली आहे. एकूण तीन बटणं सापडली. त्यातलं एकही साडूचं नव्हतं.

शुक्रवारी घड्याळजी शेवट बघायचा असा निश्चय करून गेले. चौथी रांग, कडेची खुर्ची. पडद्यावर डाकू टबाचं झाकण उचकटायला बसले. सात मिनिटं उरली. पाय आपोआप सरसावले, पण घड्याळजींनी त्यांना दाबून धरलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून शिंपी उठला आणि वाकून दाराकडे निघाला. घड्याळजींच्या डोक्यात वीज चमकली: टेबल! हा टेबलाकडे चाललाय! ते उठले, शिंप्याला मागे टाकून बाहेर पडले आणि पेन हातात घेऊन उभे राहिले. शिंपी शांतपणे त्यांच्यासमोरून स्वच्छतागृहात गेला.

त्यामुळे रविवारी दुपारी साडूच्या घरी जेवायला जायची वेळ आली, तेव्हाही खेचराबाबत घड्याळजी कोरेच होते.

साडूचं घर दुकानाच्या वरच्या मजल्यावर होतं. बैठकीच्या खोलीत नमुन्याच्या गाद्या एकावर एक रचलेल्या, आणि पाहुण्याला त्याच्या वयाप्रमाणे जाडीची गादी बसायला मिळायची. सासूबाई सगळ्यात जाड गादीवर बसल्या होत्या. त्या धाकट्या लेकीकडे राहायच्या आणि थोरल्या लेकीकडे लक्ष ठेवायच्या.

"या जावईबापू," त्या म्हणाल्या. "आलात चौकटीवरून?"

"रस्ता तोच आहे," घड्याळजी म्हणाले.

"आमच्या धाकट्या जावईबापूंनी काय सुंदर लिहिलंय! मी पाठच केलंय. 'बंदुका खूप उडतात पण कुणाला फारसं लागत नाही.' अगदी खरं! ह्यांच्या घराण्यात कुणी लिहिणारं होतं का हो?"

"अहो आई, कसलं लिहिणं?" साडू लाजून लालेलाल झाला. पोट सुटलेला, हात मोठाले, हसला की सगळं अंग हसणारा माणूस. "मी बटणासाठी लिहिलं. साडूभाऊंसमोर माझं काय! त्यांचं म्हणजे... ते प्रश्न झाडतात ते केवढं भारी होतं! मला कळलं नाही, पण भारी होतं."

या वाक्याने घड्याळजींना जेवढं लागलं तेवढं सलूनवाल्याच्या सगळ्या बोलण्याने लागलं नव्हतं. साडूच्या बोलण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर परत करता आला असता.

जेवताना विषय सिनेमाचाच. घड्याळजींच्या बायकोला दातांची डॉक्टर आवडली होती. "डाकूला खुर्चीला बांधते आणि पिस्तूल काढायच्या आधी 'आ करा' म्हणते, तिथे मी संपले!" मेहुणीला बुटका डाकू आवडला होता. सासूबाईंना टब आवडला होता. "तसला पितळी आता मिळत नाही," त्या म्हणाल्या. मग मेहुणीने वाढता वाढता सहज विचारलं, "भाऊजी, तुम्हाला खेचर कसं वाटलं? शेवटचं?"

सगळ्यांचे हात थांबले. तज्ज्ञाचं मत यायचं होतं.

घड्याळजींनी घास सावकाश चावला. अकरा वर्षांचा अनुभव पणाला लावून त्यांनी तर्क केला: मारामारीचा सिनेमा आहे, शेवट आहे, म्हणजे पळापळ असणारच.

"खरं सांगू? खेचर थोडं कमी धावलं असतं तर परिणाम वाढला असता."

मेहुणीने वाढायची पळी पातेल्यात परत ठेवली.

"धावलं?" बायको म्हणाली. "अहो, ते कुठे धावतं?"

"शेवटी?" मेहुणी म्हणाली.

सासूबाई थोरल्या जावयाकडे टक लावून बघत होत्या. घड्याळजींना आपल्या कानांची भट्टी झाल्यासारखं वाटलं. आणि तेवढ्यात साडू मधे पडला.

"अगं, साडूभाऊ मधलं म्हणताहेत, टेकडीवरचं! खेचर एवढं धावून गेलेलं असतं, म्हणून मग शेवटी ते जे करतं ते... म्हणजे आधीचं धावणं कमी असतं, तर शेवट अजून उठला असता. बरोबर ना? माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं."

"हं," घड्याळजी म्हणाले. "तेच."

"बघा!" सासूबाई म्हणाल्या. "कुठून कुठे नजर जाते थोरल्या जावईबापूंची! पण धाकट्यांनी समजावून सांगितलं म्हणून कळलं."

"तुमचे वडील का आठवले हो पण?" बायकोने साडूला विचारलं.

"आम्ही दोघं भाऊ दुकानातल्या खिडकीजवळच्या खुर्चीवरून भांडायचो. मी बसणार, मी बसणार. अगदी हातघाईवर यायचो. वडील यायचे, त्या खुर्चीत बसायचे, आरामात पेपर वाचायचे आणि निघून जायचे. आम्ही आपले एकमेकांची कॉलर धरून उभेच!"

सगळे हसले. घड्याळजीही हसले, पण त्यांच्या डोळ्यांसमोर वाळवंटात खुर्ची टाकून पेपर वाचणारं खेचर आलं आणि काही केल्या जाईना.

निघताना साडू जिन्यापर्यंत पोचवायला आला. बायका मागे बोलत होत्या. त्याने आवाज खाली घेतला.

"साडूभाऊ, काळजी करू नका. मी कुणाला बोलणार नाही."

"काय बोलणार नाही?"

"मी सहाव्या रांगेत असतो ना. तुम्ही चौथ्या. दिसतं हो." त्याने घड्याळजींच्या दंडावर गादीची जाडी बघतात तसा अलगद हात दाबला. "माणसाला घाई असते. माझ्या पोटात राहील."

घरी पोचेपर्यंत घड्याळजी बायकोच्या दहा पावलं पुढे चालत राहिले. बायकोला वाटलं, जेवण जड झालं. जड झालंच होतं, पण ते जेवण नव्हतं. दोन दिवस त्यांनी त्या वाक्याला सगळ्या बाजूंनी उघडून पाहिलं. धमकी सापडली नाही, टिंगल सापडली नाही, कुठे गंजसुद्धा नव्हता. माणूस निखळ चांगुलपणाने वागला होता. हा मनुष्य चौकट घेतो, सासूबाई घेतो, सगळ्यांदेखत आपली लाज राखतो, आणि वर गुपितही सांभाळतो! आता आयुष्यभर आपण बोलायला तोंड उघडलं की तो पलीकडून समजूतदारपणे मान हलवणार. शेवट माहीत नसल्याची लाज एकवेळ गिळता आली असती. त्या समजूतदार मानेचं काय करायचं?

मंगळवारी तीनच्या खेळाला घड्याळजी पुन्हा गेले. चौथी रांग, कडेची खुर्ची. दिवे मालवता मालवता शेजारच्या खुर्चीने मोठा सुस्कारा टाकला. साडू येऊन बसला होता.

"अरे वा, साडूभाऊ! सहावी रांग भरलीय हो. बटणवाल्यांनी."

घड्याळजींनी सिनेमा पाहिला असं म्हणता येणार नाही. त्यांनी साडूला पाहिलं. तो कुठे हसतो, कुठे पुढे सरकतो, कुठे तोंडावर हात धरतो. डॉक्टरबाई "आ करा" म्हणाल्या तेव्हा त्याने स्वतःच आ केला. पाचव्यांदा बघत होता, आणि पहिल्यांदा बघितल्यासारखा बघत होता. घड्याळजींना आठवेना की आपण पडद्याकडे असं शेवटचं कधी पाहिलं. त्यांच्या डोक्यात कायम पुढचं वाक्य जुळत असायचं. हे असं बसता येणं, पोट सैल सोडून, वाक्याविना, ही काय फक्त साडूच्याच वाट्याला आलेली चैन होती?

सात मिनिटं उरली.

बसलो तर याला वाटणार, याच्यामुळे बसलो. उठलो तर याला वाटणार, बिचारे उठले. साडूने मान वळवली नाही. पण अंधारात त्याचा गुडघा हळूच बाजूला झाला, जायला वाट करून देण्यासाठी.

त्या गुडघ्याने निकाल लागला. घड्याळजी ताठ उठले आणि बाहेर पडले.

दालनात कुणी नव्हतं. तिकीटवाल्या बाई खिडकीत पायमोजा रफू करत होत्या. टेबल मोकळं, कार्डं कोरी, पेन दोरीला लोंबकळत होतं. घड्याळजींनी ते उचललं आणि अकरा वर्षांत प्रथमच त्यांना काही सुचलं नाही. एक मिनिट गेलं. दोन गेली. मग आतून हसण्याचा आवाज आला. मारामारीच्या वेळी येतो तसला फुटकळ नाही. हळूहळू चढणारा, थांबू पाहणारा आणि थांबता न येणारा. अडीचशे माणसं एकाच गोष्टीला हसत होती आणि त्यांच्यात साडूचं गडगडणं वेगळं ओळखू येत होतं. अडीचशेच्या अडीचशे माणसांचा घड्याळजींना एकदम हेवा वाटला. एवढ्या घाऊक प्रमाणात त्यांना आजवर कधी वाटला नव्हता.

त्यांनी पेन टाकलं, दार ढकललं आणि दाराजवळच्या अंधारात, भिंतीला टेकून, उभ्यानेच पाहिलं.

टबाचं झाकण निघालेलं होतं. आत खजिना नव्हता, स्वच्छ पाणी होतं. दोन्ही डाकू तीन दिवसांचे तहानलेले. आधी कुणी प्यायचं यावरून दोघांनी एकमेकांवर पिस्तुलं रोखलेली, आणि त्या दोघांवर डॉक्टरबाईंनी. हात कुणालाच खाली करता येत नव्हता, कारण समोरचा करत नव्हता. आणि खेचर पाणी पीत होतं. नुसतं पीत होतं. घाई नाही, गडबड नाही. मधेच थांबायचं, कान हलवायचं, पुन्हा तोंड घालायचं. तिन्ही पिस्तुलं थरथरत होती, तिघांच्या नजरा टबातल्या खाली खाली जाणाऱ्या पाण्यावर होत्या. तळ दिसला. खेचराने मान वर केली, एक शिंक दिली आणि ते पडद्याबाहेर चालू लागलं. बुटक्या डाकूने आधी उंचाकडे पाहिलं, मग रिकाम्या टबाकडे, आणि तो हसायला लागला.

घड्याळजींच्या तोंडून मोठा आवाज निघाला. आपण हसतोय हे त्यांना जरा उशिरानेच कळलं. चष्मा काढून डोळे पुसावे लागले. आणि पुसता पुसता त्यांच्या मनात आकडा उभा राहिला: वर्षाला चाळीस सिनेमे, अकरा वर्षं. असं काहीतरी चारशे चाळीस वेळा आत होत होतं आणि आपण बाहेर वळणदार अक्षर काढत होतो.

दिवे लागायच्या आत ते टेबलाशी पोचले आणि लिहू लागले. हे लिहिणं प्रामाणिकपणाचं वाटेल, पण तसा गैरसमज नको. घड्याळजींना एकच गोष्ट करायची होती: साडूच्या पोटात सांभाळून ठेवलेलं आपलं गुपित त्याच्या हातून काढून घ्यायचं होतं. सगळ्या गावाला कळलं तरी चालेल. त्या एका माणसाच्या उपकारावर राहणं नको.

त्यांनी लिहिलं: 'आज या चित्रपटाचा शेवट पाहिला. अकरा वर्षांत मी पाहिलेला हा पहिला शेवट. आजवर शांतपणे लिहिता यावे म्हणून मी सात मिनिटे आधी उठत आलो. खेचर थोर आहे. मधल्या चारशे चाळीसेक चित्रपटांचे शेवट ज्यांना ठाऊक असतील त्यांनी दुकानाच्या वेळात येऊन सांगावेत. माझ्या साडूंनी तसदी घेऊ नये. घड्याळजी.'

गुरुवारी ते चौकटीत होतं. बेचाळिसावं. त्यासाठी नेहमीचा चेहरा लावायचं घड्याळजी विसरले.

बायको आधी हसली, मग गंभीर झाली. "म्हणजे तो जहाजाचा सिनेमा? तुम्ही मला म्हणालात, शेवट बघवत नाही. मी मुद्दाम गेले नाही!"

"मग?"

"अहो, धाकटी म्हणते, त्यात सगळे वाचतात! नाचतात म्हणे!"

लोक दुकानात येऊ लागले. शिंप्याने तीन शेवट सांगितले, तिन्हींत कपडे. दातांच्या डॉक्टरांनी एका रहस्यपटातला खुनी सांगितला, आणि घड्याळजींनी हातातलं काम खाली ठेवलं, कारण आपल्या त्या मतात त्यांनी त्याच माणसाच्या 'निर्मळ डोळ्यांचं' कौतुक केलेलं होतं. कुणी रागावलं नाही. उलट सलूनवाला म्हणाला, "हे तुमचं आजवरचं सगळ्यात चांगलं. एकदम गादीवाल्यांसारखं!" घड्याळजींनी त्याला त्याच्या गिऱ्हाइकाची आठवण करून दिली.

शनिवारी दुपारी साडू आला. दारात उभा राहिला, आत येईना. एरवी खोली भरून टाकणारा माणूस आज दाराच्या चौकटीत एका बाजूला मावला होता.

"मी शेवट सांगायला नाही आलो. तसदी घेऊ नये असं लिहिलंय तुम्ही."

"या. बसा."

तो स्टुलावर बसला. भिंतीवरच्या घड्याळांकडे बघू लागला. प्रत्येक वेगळी वेळ दाखवत होतं.

"मी कुणालाही बोललो नव्हतो हो, साडूभाऊ. बायकोलासुद्धा नाही."

"ठाऊक आहे," घड्याळजी म्हणाले. "तेच सहन होईना."

साडूने यावर विचार केला. विचार करताना त्याचे ओठ हलायचे.

"तुम्हाला आता मोकळं वाटत असेल," तो म्हणाला. "माझं मात्र नुकसान झालं."

"तुमचं कसलं?"

"अकरा वर्षं झाली. रविवारी तुम्ही जेवून गेलात की घरात तुमचंच सुरू. थोरले जावई काय लिहितात, थोरल्यांचं अक्षर बघा, थोरल्यांना किती समज! सासूबाई तर तुमची वाक्यं पाठ म्हणतात आणि वर माझ्याकडे बघून उसासा सोडतात. मी गाद्या मोजत बसायचो. आणि मनातल्या मनात म्हणायचो, म्हणू देत. शेवट कुठे पाहिलाय त्यांनी!" तो ओशाळून हसला. "तेवढाच एक आधार होता हो मला. पहिल्या वर्षापासून. आता ते सगळ्यांनाच कळलं."

घड्याळजींनी डोळ्याचं भिंग काढलं. हातातलं उघडं घड्याळ त्यांनी कापडावर ठेवलं आणि वर बशी पालथी घातली, धूळ बसू नये म्हणून. अकरा वर्षं! हा माणूस, हा गडगडणारा, निखळ, सगळ्यांना आवडणारा माणूस, अकरा वर्षं आपल्यावर जळत होता! त्यांच्या अंगावरून इतकी गोड शिरशिरी गेली की त्यांना क्षणभर साडूबद्दल खरोखरच माया वाटली.

त्यांनी आपलं स्टूल त्याच्या जवळ सरकवलं.

"पाठ म्हणतात?" त्यांनी विचारलं. "कुठली वाक्यं? सासूबाई नेमक्या काय म्हणतात ते पहिल्यापासून सांगा. आणि तो उसासा कसा सोडतात, तोही."